माझं मत कपाटाला

थाळी घेतल्याशिवाय अंकिता पाणंदीत पाऊल टाकत नसे. एका हातात स्टीलची थाळी, कडेवर साडेतीन वर्षांची प्रगती, आणि पळी प्रगतीच्या हातात. वस्तीचं शेवटचं घर मागं पडलं की प्रगती थाळीवर पळी आपटायला लागायची ती थेट गावातली अंगणवाडी येईपर्यंत. पोरीला वाटायचं, आपली रोज मिरवणूकच निघते.

वाट बारा मिनिटांची. सरकारी नकाशात ही पाणंद दोन बैलगाड्या समोरासमोरून जातील एवढी रुंद होती म्हणे. पण दोन्ही अंगांनी सावळाराम आप्पांचा ऊस दरसाल एकेक सरी आत सरकत आला, आणि आता एका माणसापुरती बोळ तेवढी उरली. पाला दोन्हीकडून अंगाला चाटायचा. वर पाहिलं तर आभाळाची एक पट्टी, आणि पुढं पाहिलं तर दहा पावलांपलीकडं काहीच नाही.

त्याच दहा पावलांवरून तो गेला होता. दिवाळीनंतरची सकाळ, उन्हं नुकती वर आलेली. उजवीकडच्या उसातून निघाला आणि डावीकडच्या उसात शिरला. घाई नाही, काही नाही, आपलीच वाट असल्यासारखा. अंकितानं पोरीला छातीशी आवळलं. प्रगतीनं मात्र बोट दाखवून म्हटलं, "मम्मी, मोठी माऊ!"

त्या दिवसापासून अंकिताची झोप उडाली. ती मूळची भीमेपलीकडची, दौंड तालुक्यातली. दौंडच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली, वनस्पतिशास्त्र घेऊन. बिबट्या उसात का राहतो, पिल्लं कुठं घालतो, कोणत्या वेळी बाहेर पडतो, सगळं तिनं मोबाईलवर वाचून काढलं, आणि जितकं वाचलं तितकी जास्त घाबरली. नवरा शंभू रांजणगावच्या एका कंपनीत कामाला, कारेगावात खोली घेऊन चौघांत राहायचा आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. तो म्हणायचा, "तू आधी ते नेट बंद कर. बिबट्याला सुदिक एवढी माहिती नसंल स्वतःची."

सासू कुशाबाईची तऱ्हा वेगळी. शेरडं घेऊन बांधाला जाताना ती गळ्यात चामड्याचा पट्टा बांधायची, बाहेरून खिळे ठोकलेला. मानेला धरतो म्हणून. असले पट्टे वस्तीत आता घरोघरी होते. आरशात बघून पट्ट्याचं बक्कल लावताना म्हातारी म्हणायची, "जलमभर डोक्यावरचा पदर ढळू दिला न्हाई, आन् आता बघ, कुत्र्यावानी पट्टा आला गळ्यात."

अशात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली.

गेल्या तीन खेपा ग्रामपंचायत बिनविरोधच झालेली. सावळाराम आप्पा बैठकीत नावं वाचून दाखवायचे आणि गाव माना हलवायचं. या खेपेला सरपंचपद बाईला सुटलं, आप्पांनी आपल्या घरातल्या कस्तुराबाईंचा अर्ज भरला, आणि त्यांच्याच भावकीतल्या सुलक्षणावहिनींनी त्यांच्यासमोर दुसरा अर्ज ठोकला. आप्पांच्या पॅनेलला चिन्ह मिळालं कपाट. सुलक्षणावहिनींना छत्री.

बिरोबा वस्ती वॉर्ड नंबर तीनमध्ये. दोन पिढ्यांमागं मेंढरं घेऊन मुलुख फिरणारी, आता भीमेच्या पाण्यावर कांदा-ऊस करणारी धनगरांची चाळीसेक घरं. मतं एकशे अठरा. वॉर्डातली बाकीची अठ्ठ्याहत्तर मतं आप्पांच्या भावकीच्या मळ्यातली, ती कपाटाशिवाय कुठं जायची नाहीत. म्हणजे वॉर्ड तीनच्या मशीनमधून छत्रीचं जे मत निघेल, ते वस्तीतलंच असणार. हा हिशेब अंकितानं चहा गाळता गाळता मनात केला. गुप्त मतदान म्हणतात. इथं गुप्त काय राहणार?

वस्तीचा कारभार मल्हारी आबांच्या शब्दावर चालायचा. आबा म्हणजे अंकिताचे चुलत सासरे, कुशाबाईचे दीर. माणूस सरळ. कुणाच्या घरी दुखलं-खुपलं तर पहिला जाणारा. अर्ज मागं घ्यायची मुदत संपली त्या संध्याकाळी त्यांनी वस्ती देवळापुढं जमवली.

"आप्पानं दोन गोष्टी कबूल केल्यात," आबा म्हणाले. "बिरोबाला सभामंडप. आन् आपल्या बन्सीला आपल्या वॉर्डातून मेंबरकी, कपाटावर. आजवर आपल्यातला मेंबर झाला का कवा?"

बन्सी लाजून खाली बघत होता. टाळ्या पडल्या.

अंकिता बायकांच्या मागं, खांबाला टेकून उभी होती. तिला बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. "आबा, पाणंदीचं काय?"

सगळ्या माना वळल्या. आबा रागावले नाहीत. "पोरी, पाणंदीचं बी सांगितलंय आप्पाला. ऊस तुटला की मोकळीच होती म्हणाला."

"ऊस तुटला की बिबट्या वस्तीत येईल, आबा. आणि पुढच्या वर्षी पुन्हा ऊस आहेच."

"आता बिबट्याचा बी ठराव करायचा का ग्रामपंचायतीत?" कुणीतरी म्हणालं आणि पुरुष हसले. बायकांत कुणी हसलं नाही, हे अंकितानं पाहून ठेवलं. तिला अशा गोष्टी पाहून ठेवायची सवय होती.

आबांनी हात वर केला. "हसू नका. पोर खोटं बोलत न्हाई. पर ध्यानात ठिवा, आपल्याकडं दुसरं हाय काय? जमीन आप्पाकडं, सोसायटी आप्पाकडं, दूधडेअरी आप्पाकडं. आपल्याकडं एकशे अठरा मतं. ती एकत्र हायत तवर आपल्या दारात माणूस येतो. मागं एकदा फुटलो होतो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठावं नसंल. आमदारकीला निम्मे हिकडं, निम्मे तिकडं. पाण्याची टाकी वस्तीला मंजूर झालेली, ती मळ्यावर गेली. अजून आपण त्याच टाकीचं उरलंसुरलं पितोय."

टाकी खरंच मळ्यावर होती, हे अंकितालाही माहीत होतं.

मग भंडारा निघाला. आमदारकी-खासदारकीला वस्तीत ही चाल होतीच: बिरोबापुढं परातीत हळदीचा भंडारा, त्यावर बेलाचं पान, आणि एकेकानं चिमूट उचलून शब्द द्यायचा. शब्द आबा सांगायचे, बाकीच्यांनी म्हणायचा. आबांनी ठरलेलाच शब्द सांगितला, फक्त चिन्ह बदलून. "बिरोबाच्या भंडाऱ्याची आण, माझं मत कपाटाला."

एकेक जण पुढं होत गेला. कुशाबाईचा नंबर आला तेव्हा तिनं भंडारा उचलला आणि देवाकडं बघत, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "माझं. मत. कपाटाला." घंटा वाजवल्यासारखा आवाज. आबा खूश झाले. "असं पायजे, वैनी."

अंकिताचा नंबर आला. कडेवर प्रगती पेंगत होती. अंकितानं चिमूट उचलली आणि मायेनं, नेहमीच्या सवयीनं, आबांनी परातीतला भंडारा बोटावर घेऊन प्रगतीच्या कपाळाला लावला. "लेकराला बी लागू दे देवाचा."

बी.एस्सी. झालेली बाई ती. हळद म्हणजे काय हे तिला कुळासकट सांगता आलं असतं. पण लेकराच्या कपाळावरची ती पिवळी रेघ बघितली आणि चिमूट तिनं घट्ट धरली. "बिरोबाच्या भंडाऱ्याची आण," ती म्हणाली, "माझं मत कपाटाला."

दोन दिवसांनी सुलक्षणावहिनी वस्तीत आल्या, स्कुटीवर, मागं एक बाई घेऊन. पुरुषांनी ओसरीवरून नमस्कार केला आणि जागचे हलले नाहीत. अंकितानं पाणी दिलं. प्रगती वहिनींच्या पर्सची चेन उघडबंद करत बसली.

"पाणंद मोकळी करून देईन," वहिनी म्हणाल्या.

"सगळेच म्हणतात." अंकिता त्यांच्या डोळ्यांकडं बघत होती. "आप्पा तुमचे चुलत दीर. त्यांच्या उसात मोजणी लावाल तुम्ही? उद्या घरचं लग्नकार्य निघालं तर?"

सुलक्षणावहिनी जरा थांबल्या. खोटं बोलणारा माणूस इथं थांबत नाही, असं अंकिताला वाटलं. "लग्नकार्याचं माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "पण तहसीलला अर्ज दिलाय. निवडणुकीच्या आधी, उन्हाळ्यातच." त्यांनी मोबाईल पुढं केला. अर्जाचा फोटो, कोपऱ्यात शिक्का, शिक्क्यात तारीख. जूनमधली. तेव्हा निवडणुकीचं नावही नव्हतं.

अंकितानं तारीख दोनदा वाचली.

वहिनी गेल्यावर कुशाबाईनं शेरडाला पाला टाकता टाकता विचारलं, "काय दाखवलं तिनं मोबाईलात?"

"पोच, आत्या. अर्जाची."

"खरी व्हती?"

"शिक्का होता."

म्हातारीनं "हूं" केलं आणि विषय तिथंच सोडला.

पुढचे आठ दिवस अंकिताच्या डोक्यात एकच जातं फिरत होतं. कपाटाला मत द्यावं तर पाणंद आहे तशीच राहणार आणि एक दिवस थाळीच्या आवाजालाही तो सरावणार. छत्रीला द्यावं तर लेकराच्या कपाळाला लावलेली आण मोडणार. दोन्हीकडं प्रगतीच. सुट्टीला आलेल्या शंभूला तिनं विचारलं तर तो गाडीची चेन साफ करत म्हणाला, "एका मतानं काय होतंय? आबांना शब्द दिलाय ना, संपला विषय. उगाच वस्तीत राहायचं अवघड करू नको."

मतदानाच्या दिवशी आप्पांची जीप वस्तीत आली. पाणंदीतून गाडी जात नाही, त्यामुळं ती मळ्याला वळसा घालून चार किलोमीटर फिरून आली होती. पुरुष जीपमध्ये बसले, मतदानापुरता घरी आलेला शंभूही. कुशाबाई म्हणाली, "आमी पाणंदीनं जातो."

"वैनी, बसा की गाडीत," आबा म्हणाले.

"गाडीत मळमळतं मला."

तिला गाडीत कधी मळमळलेलं अंकिताला आठवत नव्हतं. पण पलीकडच्या घरातली म्हाळसा निघाली, शेजारची नकुशी निघाली, बघता बघता वीसेक बायका झाल्या. ज्यांची पोरं अंगणवाडीत, शाळेत जात होती त्या जवळपास सगळ्या. प्रत्येकीच्या हातात थाळी. त्या बोळीतून एकीमागं एक अशी रांग निघाली. ठणठण वाजणाऱ्या थाळ्या, मधेच कुणाची तरी हाळी, आणि कुशाबाई सगळ्यांत पुढं, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. मतदानाबद्दल कुणी अक्षर बोललं नाही. बारा मिनिटं नुसत्या थाळ्या वाजत होत्या.

शाळेच्या फाटकावर पोलिसानं अडवलं. "ओ मावशी, थाळ्या बाहेर ठेवा. आत कुणाचं चिन्ह न्यायचं नाही. थाळी चिन्ह आहे का कुणाचं?"

"हाय की," कुशाबाई म्हणाली, "बिबट्याचं. त्यो बी उभा हाय आमच्या वॉर्डात."

रांगेत हशा पिकला. पोलीसही हसला. थाळ्या फाटकाशी एकावर एक रचल्या गेल्या. "आन् हा पट्टा?" त्यानं विचारलं.

"ह्यो आत जाऊन काढते," म्हातारी म्हणाली.

वॉर्ड तीनच्या खोलीत प्रत्येकाला तीन बटणं दाबायची होती. पिवळ्या कागदावर बन्सी आणि त्याच्यासमोरचा, पांढऱ्यावर मळ्यातल्या दोन बायका मेंबरकीला, आणि निळ्यावर सरपंच. तिन्ही दाबल्याशिवाय मशीन लांब शिटी देत नव्हतं, आणि शिटी वाजेपर्यंत बाहेरच्या रांगेला कळायचं की आत माणूस अजून आहे. अंकिता कान देऊन होती. पुरुष आत जायचे आणि लगेच शिटी वाजायची. एकाच चिन्हाची तीन बटणं, वेळ कितीसा लागणार? बायकांना वेळ लागत होता. म्हाळसाच्या वेळी तर शिटी इतकी लांबली की आतल्या सायबानं आवाज दिला, "बाई, तीन मतं, तीन!" अंकिताला वाटलं, बिचारीला वाचता येत नाही.

तिची पाळी आली. पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती एकटीच होती. पिवळ्यावर बन्सी. तिनं कपाट दाबलं. आपला माणूस, त्यात विचार करण्यासारखं नव्हतं. पांढऱ्यावर पुन्हा कपाट. मग निळा कागद. कपाट वर, छत्री खाली. डोळ्यांपुढं पिवळी रेघ आली. मग दहा पावलांवरून रमतगमत जाणारं ते जनावर आलं. मग शिक्क्यातली जूनची तारीख. आतला साहेब खाकरला.

तिनं छत्री दाबली. शिटी वाजली, आणि सगळ्या गावाला ऐकू गेली असं तिला वाटलं.

त्याच संध्याकाळी प्रगतीचं अंग तापलं.

दिवेलागणीला पोर मांडीवर मलूल पडली होती. तापाचं औषध देऊन झालं, ओल्या फडक्यानं पुसून झालं. सर्दी होतीच दोन दिवस, हे अंकिताला माहीत होतं. अंगणवाडीतली निम्मी पोरं तापलेली, हेही माहीत होतं. पण तिची नजर पोरीच्या कपाळावरून हटेना. कुशाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. अंकिताच्या डोळ्यांतून एकदम पाणी यायला लागलं.

"आत्या," ती म्हणाली, "मी आण मोडली."

भाकरी थापणारा हात थांबला नाही. "कंची?"

"भंडाऱ्याची. मी सरपंचाला छत्री दाबली. आबांनी हिच्या कपाळाला भंडारा लावला होता, आत्या. हिच्या!"

म्हातारीनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि मग सुनेकडं वळली. "बन्सीला काय दिलंस?"

"कपाट."

"आन् शब्द काय दिला व्हतास देवाला? म्हण बरं."

"माझं मत कपाटाला."

"मत. का मतं?"

अंकितानं डोळे पुसले.

"किती बटणं व्हती?" कुशाबाईनं पिठाची तीन बोटं वर केली. "आमदारकीला एक बटण. तवाचा शब्द हाय त्यो. भावजींनी हितं बी त्योच म्हणायला लावला, त्येंच्या ध्यानातच आलं न्हाई की ग्रामपंचायतीला तीन असत्यात. माझं मत कपाटाला, म्हणले. दिलं. बन्सीला दिलं. आपल्यातलं लेकरू हाय, त्याला का देऊ नये? ऱ्हायली दोन, त्येंचा शब्द कुणी मागितलाय मला?"

"म्हणजे तुम्ही पण..."

"मी कवा, काय, ते मला नको विचारू. गुप्त असतंय." तिनं भाकरी उलटली. "शिकलेली ना गं तू? देवाला का मोजता येत न्हाई व्हय? एक म्हणलेलं एक, त्याला मिळालं. आता पोरीला पेज दे. सर्दीचा ताप हाय त्यो, नाक बघ कसं वाहतंय."

अंकिताला हसू आणि रडू एकदम आलं. देवळापुढं सुटा सुटा करून म्हटलेले ते तीन शब्द तिच्या कानात पुन्हा वाजले. ती म्हातारीला आजवर भिंत समजत आली होती. त्या भिंतीला दार होतं आणि कडी आतून होती.

सकाळी ताप उतरला.

मतमोजणी शिरूरला, तहसील कचेरीत. शंभू रजा टाकून आबांबरोबर गेला. दुपारी त्याचा फोटो आला, कागदावर पेनानं लिहिलेले आकडे. वॉर्ड तीन, मतदान एकशे शहाण्णव. बन्सी, कपाट: एकशे एकोणनव्वद. इतकी मतं वॉर्डात कुणाला कधी पडली नव्हती. खाली सरपंचाचे आकडे. कस्तुराबाई: एकशे सत्तावीस. सुलक्षणा: सहासष्ट. 'नोटा'ला तीन.

अख्ख्या गावाची बेरीज केली तर कस्तुराबाई निवडून आल्या होत्या. चौदा मतांनी.

अंकिता फोन घेऊन उंबऱ्यावर बसली. हरलं म्हणून वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण डोक्यात सहासष्टचा आकडा बसला होता. वस्तीत बायकांची मतं सगळी मिळून त्रेपन्न. त्यांतल्या सगळ्यांनी छत्री दाबली असं धरलं, तरी उरलेली तेरा कुणाची?

संध्याकाळी शंभू गुलाल न लावता आला. गाडी उभी केली आणि उगाचच टायर दाबून बघायला लागला.

"अहो," अंकिता म्हणाली, "तेरा मतं जास्त निघाली."

"मळ्यातली असतील. भावकीत बी जळणारे असतात."

"तुम्ही कुणाला दिलं?"

"मी?" टायरवरून त्याचा हात निघाला नाही. "मी आबांना शब्द दिला व्हता. माझं मत कपाटाला दिलं." आणि 'मत' म्हणताना त्यानं जो जोर दिला, त्यावर घरातून कुशाबाईचं खोकल्यासारखं हसणं ऐकू आलं.

थोड्या वेळानं आबा आले. अंगणात बाजेवर बसले, पाणी घेतलं नाही. एका दिवसात वय झाल्यासारखे दिसत होते.

"वैनी, भंडाऱ्याचं बी भ्या ऱ्हायलं न्हाई माणसांना. आप्पा माझ्याशी बोलला न्हाई. नुसता कागद दावला, सहासष्टावर बोट ठिवून. आता सभामंडप बी गेला आन् पाणंद बी."

कुशाबाई पदर सावरून समोर बसली. "भावजी, भंडारा कुणीबी मोडला न्हाई. बन्सीचा आकडा बघा. तुमी एक मत मागितलं, वस्तीनं एक दिलं. शब्द तुमचाच व्हता."

आबांनी तीन बोटं वर केली. मग त्यांचे ओठ हलले. मनात शब्द म्हणून बघत असावेत. माझं मत कपाटाला. एक बोट मिटलं. दोन उरली. त्यांच्या कपाळावर आठी पडली, सुटली, पुन्हा पडली.

"च्यायला," ते हळूच म्हणाले. "पुढल्या खेपेला 'मतं' म्हणायला लावीन."

"लावा की. आमी यिऊ का न्हाई, ते तवा बघू."

त्यावर आबांना हसावं की उठून जावं कळेना. शेवटी त्यांनी पाणी मागितलं. तांब्या रिकामा करून म्हणाले, "पर फुटलो की गं, वैनी. आता कोण ईल आपल्या दारात?"

कुशाबाईनं रिकामा तांब्या आत नेला. टाकीची गोष्ट खोटी नव्हती.

अकराव्या दिवशी सकाळी पाणंदीकडून कोयत्यांचा आवाज आला. अंकिता प्रगतीला घेऊन निघाली होती, थाळी हातात. पहाटेपासून गावाच्या टोकाकडून तोडत आलेले आप्पांचे दहा-बारा मजूर वस्तीच्या तोंडाशी पोचले होते. दोन्ही अंगांच्या तीन-तीन सऱ्यांतला ऊस आडवा पडत होता. सावळाराम आप्पा स्वतः बांधावर उभे, पायजम्याला कुसळं चिकटलेली. शेजारी मल्हारी आबा.

"घ्या, सूनबाई," आप्पा अंकिताकडं बघून म्हणाले. आवाजात गोडवा होता आणि त्याखाली काहीतरी टोचणारंही. "एवढ्याशा गोष्टीसाठी बायांनी एवढं मनावर घ्यायचं? आधी सांगितलं असतं तर आधी केलं असतं. आता झेडपी तोंडावर आली, म्हटलं गैरसमज नको."

आबांनी अंकिताकडं पाहिलं, मग आडव्या पडलेल्या उसाकडं. "सांगितलं व्हतं, आप्पा," ते म्हणाले. "चार सालं सांगत व्हतो. तवा तुमाला ठावं व्हतं, आमची मतं कुटं जात न्हाईत."

आप्पा हसले. एका मजुराला उगाच मोठ्यानं हाक मारून ते पुढं गेले.

अंकिता नव्या मोकळ्या वाटेवर उभी राहिली. खोडक्यांमधून तिला पहिल्यांदाच पार दुसरं टोक दिसत होतं: अंगणवाडीची निळी भिंत, तिच्यावरचं अर्धं पुसलेलं फुलपाखरू. सहा सऱ्या मोकळ्या झाल्या होत्या, पण त्यांच्यापलीकडं ऊस होता तसाच उभा. तहसीलच्या मोजणीचा अजून पत्ता नव्हता. पुढच्या वर्षी याच सऱ्यांत पुन्हा उसाचं बेणं पडलं तर अडवणारं कोण? सुलक्षणावहिनींना फोन करून त्या अर्जाचा नंबर घ्यायचा, असं तिनं मनाशी धरलं.

"मम्मी, चल ना," प्रगती म्हणाली.

कडेवरून उतरून पोर स्वतःच्या पायांनी चालायला लागली. वाट आता दोघींना शेजारी शेजारी पुरत होती. थाळी घरी ठेवून यावी, असं क्षणभर अंकिताच्या मनात आलं. मग तिनं ती प्रगतीसमोर धरली.

"वाजव," ती म्हणाली. "जोरात."